सैन्यसेवेवर जाताना नोकरीचं काय? रजेचा अर्ज लिहू नका

प्रश्न विचारणाऱ्या ताईंची परिस्थिती थोडक्यात अशी. न्यू जर्सीतल्या एका विमा कंपनीत त्या सहा वर्षं डेटा अ‍ॅनालिस्ट आहेत आणि आर्मी रिझर्व्हमध्ये, म्हणजे नोकरी सांभाळून करायच्या राखीव सैन्यसेवेत, सार्जंट. आता दहा महिन्यांच्या मोबिलायझेशनची, म्हणजे पूर्णवेळ सेवेवर हजर होण्याची, ऑर्डर आली आहे. मॅनेजर म्हणाला, "आधी साठलेली सुट्टी संपव, उरलेली बिनपगारी मंजूर होते का बघतो, पण तुझी जागा मला भरावी लागेल." नवरा आणि तीन वर्षांची मुलगी दोघंही त्यांच्याच आरोग्य विम्यावर आहेत. सीनियर अ‍ॅनालिस्टची बढती तोंडावर आली आहे. आणि साताऱ्याहून सासरे रोज फोनवर विचारतात, "राजीनामा द्यावा लागतो का गं?"

मी २२ वर्षं अमेरिकेत कंपन्यांच्या बेनिफिट्स विभागात काम करते आहे. वकील नाही, पण रिझर्व्ह आणि नॅशनल गार्डच्या लोकांचे जाण्या-येण्याचे कागद या हातांखालून गेले आहेत. त्यामुळे सविस्तर लिहिते.

सासऱ्यांचं उत्तर आधी. नाही, राजीनामा द्यायचा नाही. कुणी कितीही गोड बोलून पुढे केला तरी राजीनाम्याच्या कागदावर सही करू नका.

आपण शाळेपासून रजेचा अर्ज लिहायला शिकलो. "तरी माझी रजा मंजूर करावी, ही नम्र विनंती" हे वाक्य आपल्या हाडात भिनलंय. मराठी मुलं-मुली मॅनेजरसमोर याच सुरात उभी राहतात आणि मग समोरचाही मंजुरी देणाऱ्याच्या सुरात बोलू लागतो. तुमच्या बाबतीत मंजुरी हा विषयच नाही. १९९४ साली अमेरिकन काँग्रेसने केलेला 'युनिफॉर्म्ड सर्व्हिसेस एम्प्लॉयमेंट अँड रीएम्प्लॉयमेंट राइट्स अ‍ॅक्ट', ज्याला सगळे 'युसेरा' म्हणतात, तो सांगतो की कर्मचाऱ्याने फक्त आगाऊ कळवायचं. मॅनेजरला हो म्हणण्याचा अधिकार नाही, तसाच नाही म्हणण्याचाही नाही. तुमच्या जागी काम कोण करेल, हे शोधून देण्याची जबाबदारीही तुमची नाही. हा कायदा अगदी एका नोकराच्या दुकानालासुद्धा लागू आहे. कौटुंबिक रजेच्या कायद्यासारखी ५० कर्मचाऱ्यांची अट इथे नाही.

तोंडी कळवलं तरी कायद्याला चालतं, पण तुम्ही ईमेलच करा. संरक्षण खात्याची शिफारस निदान ३० दिवस आधी कळवण्याची आहे. ऑर्डरच उशिरा आली तर गोष्ट वेगळी. मजकूर चार ओळींचा असू द्या: मला सैन्यसेवेसाठी बोलावण्यात आलं आहे, अमुक तारखेपासून मी कामावर नसेन, सेवा अंदाजे दहा महिन्यांची आहे, ही युसेराखालची पूर्वसूचना समजावी. 'विनंती' हा शब्द नको. एचआरला पाठवा, मॅनेजरला प्रत द्या आणि एक प्रत स्वतःच्या खासगी ईमेलवर ठेवा, कारण तुम्ही गेल्यावर ऑफिसचं खातं बंद होऊ शकतं. परत येणार की नाही, हे आत्ता सांगायचं बंधन नाही. "मी बहुधा येणार नाही" असं कुणी बोलून गेलं तरी तेवढ्याने नोकरीवर परतण्याचा हक्क जात नाही.

हे मी इतक्या आग्रहाने सांगते, त्याला कारण आहे. २००४च्या सुमारास मी एका कंपनीत नवीन होते. तिथल्या गोदामातला एक रिझर्व्हिस्ट इराकला गेला. सुपरवायझरने त्याच्याकडून "सिस्टीमसाठी लागतो" म्हणून एक कागद सही करून घेतला होता आणि तो राजीनामा होता. मी तो न वाचता 'स्वेच्छेने नोकरी सोडली' अशी नोंद केली. परिणामी त्याच्या निवृत्ती खात्यातला कंपनीचा अजून पक्का न झालेला हिस्सा जप्त झाला आणि घरच्यांचा विमा बंद पडला. त्याची बायको दोन लहान मुलं घेऊन माझ्या टेबलापाशी आली, तेव्हा मी पहिल्यांदा हा कायदा उघडून वाचला. सगळं पूर्ववत करायला पाच महिने गेले. त्या बाईंनी औषधांसाठी उसने घेतलेले पैसे मात्र मी परत मिळवून देऊ शकले नाही.

आता सुट्टीचं. साठलेली सुट्टी वापरायची की नाही, हे तुम्ही ठरवायचं. कंपनी सक्ती करू शकत नाही. पगार चालू राहावा म्हणून पहिले दोन आठवडे सुट्टी लावायची असेल तर जरूर लावा, पण मुलीसाठी परतल्यावर ती लागेल असं वाटत असेल तर हात लावू नका. मॅनेजरने "आधी संपव" असं लेखी सांगितलं असेल तर तो ईमेल जपून ठेवा.

पगाराच्या बाबतीत सरळ सांगते: दहा महिने पगार द्यायला युसेरा खासगी कंपनीला भाग पाडत नाही. बऱ्याच मोठ्या कंपन्या लष्करी पगार आणि नेहमीचा पगार यांतला फरक काही महिने आपणहून देतात, त्यामुळे तुमचं कर्मचारी हस्तपुस्तक नीट वाचा. संघराज्य सरकारच्या नोकरांना वर्षाला ठरावीक दिवसांची भरपगारी लष्करी रजा असते. शिवाय राष्ट्रीय आणीबाणीच्या काळात सक्रिय सेवेवर बोलावलेल्या सरकारी नोकरांना हा फरक मिळण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५मध्ये मोकळा केला. तो खटला कोस्ट गार्ड रिझर्व्हमध्ये असलेल्या एका हवाई वाहतूक नियंत्रकाचा होता. तुम्हाला तो लागू नाही, पण तुमच्यासारख्या कुणाचा नवरा किंवा बायको सरकारी नोकरीत असेल तर उपयोगी पडेल.

तुम्हाला लागू पडणारी पगाराची एक बारीक गोष्ट आहे. तुम्ही तासावर नाही, ठरलेल्या पगारावर आहात. ज्या आठवड्यात तुम्ही सोमवार-मंगळवार काम करून बुधवारी रिपोर्ट कराल, त्या आठवड्याचा पगार कंपनीला दिवस मोजून कापता येत नाही. त्या आठवड्यात सैन्याकडून मिळालेली रक्कम तेवढी वजा करता येते. पेरोलवाले हे हटकून चुकवतात. आणि नेहमीच्या दोन आठवड्यांच्या वार्षिक प्रशिक्षणासाठी आणखी एक मुद्दा लक्षात ठेवा. कंपनी ज्युरी ड्युटीला (न्यायालयात पंच म्हणून बसायला) किंवा घरी मयत झाल्यास पगारी रजा देत असेल, तर तेवढ्याच मुदतीच्या लष्करी रजेलाही तशीच वागणूक मागता येते. २०२१मध्ये दोन विमान आणि मालवाहतूक कंपन्यांविरुद्धच्या खटल्यांत दोन वेगवेगळ्या अपील न्यायालयांनी हा दावा चालू शकतो असं म्हटलं. दहा महिन्यांच्या गैरहजेरीची तुलना तीन दिवसांच्या रजेशी होत नाही, म्हणून या वेळी त्यावर भिस्त ठेवू नका.

विमा हा तुमच्या पत्रातला सर्वांत काळजीचा भाग दिसतोय, आणि काळजीचं कारण सर्वांत कमी तिथेच आहे. सेवा ३० दिवसांपर्यंतची असेल तर कंपनीचा विमा नेहमीच्याच हप्त्यात चालू राहतो. त्याहून लांब असेल तर तुम्ही मागितल्यास तो २४ महिन्यांपर्यंत चालू ठेवावा लागतो, मात्र तेव्हा पूर्ण हप्त्याच्या १०२ टक्क्यांपर्यंत रक्कम तुमच्याकडून घेता येते. पूर्ण हप्ता म्हणजे कंपनीचा वाटाही आलाच. समजा एकूण हप्ता महिना २,००० डॉलर आहे आणि आज तुमच्या पगारातून ५०० कापले जातात. मग तुम्हाला २,०४० भरावे लागतील. इतके पैसे भरायची सहसा गरज पडत नाही, कारण ३० दिवसांहून लांबच्या ऑर्डरवर तुम्ही, तुमचा नवरा आणि मुलगी तिघंही ट्रायकेअरमध्ये, म्हणजे सैन्याच्या आरोग्य विमा योजनेत, येता. कुटुंबाची नोंद डीअर्समध्ये, म्हणजे सैन्याच्या पात्रता-नोंदणीत, बरोबर आहे ना, हे आजच तपासा. लग्नानंतर बदललेलं आडनाव आणि पासपोर्टवरचं जुनं नाव यांच्या गोंधळात आपल्या किती कुटुंबांचे आठवडे वाया गेलेले मी पाहिले आहेत. मुलीच्या डॉक्टरांना फोन करून विचारा की ते ट्रायकेअर घेतात का. घेत नसतील आणि तिचे काही उपचार मध्यावर असतील, तरच दोन-तीन महिने महाग पर्याय घेण्याचा विचार करा.

परत आल्यावर कंपनीच्या विम्यात नव्याने थांबण्याची मुदत लावता येत नाही. त्याच दिवसापासून तिघंही आत. सेवेमुळेच झालेली दुखापत किंवा आजार हा याला अपवाद, कारण ते व्हेटरन्स अफेअर्स या माजी सैनिकांच्या सरकारी खात्याच्या कक्षेत जातं. आयुर्विम्याबद्दल एवढंच की कंपनीच्या गटविम्यात युद्धजन्य मृत्यू वगळलेला आहे का ते बघा, आणि सैन्याच्या एसजीएलआय या आयुर्विम्यात पूर्ण ५ लाख डॉलरचं संरक्षण घेतलं आहे ना, वारस म्हणून कुणाचं नाव आहे, हेही पाहा. लग्नाआधी भरलेल्या फॉर्मवर अजून आईचं नाव असतं.

आता ४०१(के), म्हणजे पगारातून कापून जमा होणारं निवृत्ती खातं. लोक सगळ्यात जास्त पैसे इथे सोडून देतात, म्हणून जरा थांबून वाचा. तुमचे दहा महिने निवृत्ती योजनेच्या हिशेबात खंड धरले जात नाहीत. कंपनीचा हिस्सा 'पक्का' व्हायला जी वर्षं लागतात, त्यात हे महिने मोजले जातात. कंपनी तुमच्या वाट्याची अट न घालता काही रक्कम टाकत असेल, तर ती तुम्ही परतल्यावर टाकावीच लागते. मॅच, म्हणजे तुम्ही भरलेल्या वाट्यावर कंपनी टाकते ती जोड, मात्र आपोआप येत नाही. आधी तुम्हाला चुकलेला तुमचा वाटा भरावा लागतो. त्यासाठी सेवेच्या तिप्पट काळ मिळतो, कमाल पाच वर्षं. म्हणजे तुम्हाला ३० महिने. समजा महिन्याचा पगार ८,००० डॉलर आणि कंपनी ५ टक्क्यांपर्यंत मॅच करते. दहा महिन्यांत तुमचा वाटा ४,००० झाला असता आणि कंपनीचेही ४,०००. परतल्यावर ३० महिने दरमहा साधारण १३३ डॉलर जास्तीचे टाकले की कंपनीला तिचे ४,००० टाकावे लागतात. मधल्या काळात बाजार वर गेला असेल तर तो नफा मिळत नाही, हे खरं. पण हे ४,००० कुणी आठवण करून देत नाही. तुम्हीच परतल्यावर पहिल्या आठवड्यात योजनेच्या प्रशासकाला लेखी सांगायचं की मला युसेराखाली चुकलेला भरणा करायचा आहे. हा भरणा ज्या वर्षांतला आहे त्या वर्षांच्या मर्यादेत धरला जातो, म्हणून चालू वर्षाची मर्यादा त्यामुळे खर्ची पडत नाही. ४०१(के)वर कर्ज घेतलं असेल तर सेवेच्या काळात हप्ते थांबवता येतात आणि व्याज ६ टक्क्यांवर जाऊ शकत नाही, पण तेही आधी लेखी मागावं लागतं.

बढतीचं उत्तर समजायला एक जुना खटला उपयोगी पडतो. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, फिशगोल्ड नावाच्या जहाज-गोदीतल्या वेल्डरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सरकत्या जिन्याची उपमा दिली. माणूस सैन्यात असतानाही जिना वर सरकतच असतो. परतल्यावर तो जिथे उतरला त्या पायरीवर नाही, तर तिथेच थांबला असता तर आज ज्या पायरीवर असता, तिथे त्याने पाय ठेवायचा. युसेरा याच तत्त्वावर उभा आहे. सहा वर्षं झालेल्या प्रत्येक अ‍ॅनालिस्टला सीनियर करण्याची तुमच्याकडे रीत असेल, किंवा तुमचं नाव यादीत नक्की झालं असेल, तर परतताना तुम्ही सीनियर म्हणून आणि त्याच पगारावर परतायला हवं. बढतीला परीक्षा किंवा मुलाखत असेल तर परतल्यावर ती द्यायची संधी मिळायला हवी. बढती सर्वस्वी साहेबाच्या मर्जीवर असेल, तर "मला मिळालीच असती" हे दाखवणं कठीण. म्हणून जाण्याआधी कागद गोळा करा: मागच्या तीन वर्षांची मूल्यमापनं, बढतीबद्दलचे ईमेल, तुमच्याबरोबर लागलेल्या लोकांना कधी काय मिळालं त्याची नोंद. याच जिन्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. मधल्या काळात तुमचा अख्खा विभागच बंद झाला आणि तुम्ही असतात तरी नोकरी गेली असती, तर कायदा ती परत आणून देत नाही.

"जागा भरावी लागेल" या वाक्याला मात्र घाबरू नका. मॅनेजरने खुशाल भरावी. तुमच्या जागी कुणी बसलंय, हे तुम्हाला परत न घेण्याचं कारण ठरत नाही, मग त्या व्यक्तीला हलवावं लागलं तरी. ९० दिवसांहून लांब सेवा असल्याने कंपनीला एक मुभा आहे: अगदी तेच टेबल न देता त्याच ज्येष्ठतेचं, दर्जाचं आणि पगाराचं दुसरं पद देता येतं. दर्जा हा शब्द इथे महत्त्वाचा. पगार तोच ठेवून तुम्हाला डेटा-एंट्रीच्या कोपऱ्यात बसवणं बसत नाही. नवं सॉफ्टवेअर आलं असेल तर ते शिकवण्याचा खर्च आणि वेळ कंपनीचा.

सुट्टीच्या दिवसांत लोक घोटाळा करतात. वर्षांच्या ज्येष्ठतेने सुट्टीचा *दर* वाढत असेल, उदाहरणार्थ सात वर्षांनंतर चार आठवडे, तर तुमचे दहा महिने त्यात धरले जातात. पण त्या दहा महिन्यांत दरमहा जमणारे दिवस तुम्हाला तेव्हाच मिळतात, जेव्हा कंपनी इतर कुठल्या तशाच लांब रजेवर ते देते. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर हेही टिपून ठेवा: कौटुंबिक रजेसाठी १२ महिन्यांत १,२५० तास काम लागतं, त्यात तुम्ही सेवेवर नसता तर केलं असतं तेवढं काम धरलं जातं.

एकाच मालकाकडे असताना एकूण पाच वर्षांची सेवामर्यादा आहे, पण महिन्याची ड्रिल, वार्षिक प्रशिक्षण आणि बहुतेक सक्तीची बोलावणी त्यात मोजत नाहीत. तुमच्या ऑर्डरवर टायटल १०चं, म्हणजे सैन्यविषयक संघराज्य कायद्याचं, कोणतं कलम आहे ते पाहा. १२३०२ किंवा १२३०४ असेल तर हे दहा महिने मोजणीबाहेर.

काही बिनसलं तर? पहिली पायरी ईएसजीआर, म्हणजे संरक्षण खात्याची १९७२पासूनची यंत्रणा. तिचे स्वयंसेवक मध्यस्थ कंपनीला फोन करून कायदा समजावतात आणि माझ्या अनुभवात बहुतेक प्रकरणं त्या एका फोनवर मिटतात, कारण बहुतेक मॅनेजर दुष्ट नसतात, त्यांना माहीत नसतं. नाही मिटलं तर श्रम खात्याच्या व्हेट्स या माजी सैनिकांच्या रोजगाराचं काम पाहणाऱ्या विभागाकडे तक्रार, किंवा थेट न्यायालय. तक्रारीला कालमर्यादा नाही, आणि युसेराच्या दाव्याला न्यायालयाचं शुल्कही लागत नाही. जानेवारी २०२५पासून कायदा आणखी कडक झाला आहे: जाणूनबुजून उल्लंघन केलं असं ठरलं तर बुडालेल्या पगाराव्यतिरिक्त निदान ५०,००० डॉलरची जादा भरपाई मिळू शकते. आणि मॅनेजरने सैन्याबद्दल काही टोचून बोललं असेल तर तारीख-वारासह लिहून ठेवा. २०११च्या स्टॉब खटल्यात रुग्णालयातल्या एका रिझर्व्हिस्ट तंत्रज्ञाला काढलं होतं एचआरच्या उपाध्यक्षांनी, पण त्यामागे वरिष्ठांचा आकस होता, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मालक जबाबदार ठरू शकतो असं सांगितलं.

सासऱ्यांसाठी दोन ओळी. आपल्याकडेही ही कल्पना नवी नाही. १९४८च्या टेरिटोरियल आर्मी कायद्यात, कोल्हापूरच्या १०९ बटालियनसारख्या पलटणीत नागरी नोकरी सांभाळून जाणाऱ्यांसाठी, सेवा संपल्यावर मालकाने पूर्वीइतक्याच चांगल्या अटींवर परत घ्यावं अशी तरतूद आहे आणि भविष्य निर्वाह निधीच्या हक्कांचाही उल्लेख आहे. तेव्हा सूनबाई काही जगावेगळं मागत नाहीत, हे त्यांना सांगा.

राहिला परतीचा प्रवास. जाताना जो अर्ज लागत नाही, तो येताना लागतो. १८० दिवसांहून लांब सेवा असल्याने सेवा संपल्यापासून ९० दिवसांत कामावर परत घेण्याचा अर्ज करायचा. (३१ ते १८० दिवसांच्या सेवेला ही मुदत १४ दिवस आहे. त्याहून छोट्या सेवेनंतर घरी पोहोचून आठ तास विश्रांती झाली की पुढच्या पाळीला हजर व्हायचं.) दुखापत झाली असेल तर बरं होण्यासाठी दोन वर्षांपर्यंत सवलत आहे. डीडी-२१४ची, म्हणजे सेवा संपल्याच्या दाखल्याची, प्रत सोबत जोडा. कंपनीने साधारण दोन आठवड्यांत रुजू करून घ्यायला हवं, आणि त्यानंतर एक वर्षभर सबळ कारणाशिवाय तुम्हाला काढता येत नाही.

मुदत ९० दिवसांची आहे म्हणून विमानातून उतरल्या उतरल्या लॅपटॉप उघडायची घाई करू नका. मोहिमेच्या ऑर्डरवरून परतणाऱ्यांना ट्रायकेअर पुढेही १८० दिवस चालू राहतं, तर विम्याची चिंता नाही. दहा महिन्यांनी मुलगी चार वर्षांची होत आली असेल. पहिले काही दिवस ती तुमच्याकडे यायला बिचकेल. तो महिना तिला द्या, अर्जाची तारीख आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि त्या दिवशी ईमेल पाठवा.